खरा द्राक्षवेल आणि माळ्याची कात्री



महोत्सवाच्या मिस्सेसाठीं आपल्या भगिनीमंडळानें जो नवा पोशाख तयार केला आहे, त्याच्या पाठीवर द्राक्षांचे घड व गव्हाच्या ओंब्या भरल्या आहेत. तो पाहून वेदीवर सेवा करणाऱ्या एका मुलानें मला विचारलें, "फादर, आपल्या गांवांत द्राक्षें पिकत नाहींत, मग देवळांत द्राक्षेंच कां?" त्या वेळीं मीं त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलें व तो समाधान पावून निघून गेला. माझें मात्र समाधान झालें नाहीं. प्रश्न लहानाचा होता, पण त्याचें उत्तर तीन हजार वर्षांच्या इतिहासांत पसरलेलें आहे, आणि त्या इतिहासांत जसें आनंदाचें तसें मान खालीं घालावयास लावणारेंहि पुष्कळ आहे. महोत्सवाच्या या पुस्तिकेंत तें उत्तर सविस्तर द्यावें, असें मनांत आणून हा लेख लिहीत आहें.

प्राचीन इस्राएल लोकांच्या देशांत धान्य, द्राक्षें व जैतुनाचें तेल हीं तीन म्हणजे प्रपंचाचा आधार. यांतील द्राक्षमळ्याचें एक वैशिष्ट्य असें कीं, तो एका हंगामाचा धंदा नव्हे. दगड वेंचून काढावे, कुंपण घालावें, राखणीचा बुरूज बांधावा, खडकांत द्राक्षकुंड खोदावें, आणि मग फळासाठीं कांहीं वर्षें वाट पाहावी. जो भटका आहे तो मळा लावीत नाहीं. ज्याला त्या भूमींत राहावयाचें आहे तोच लावतो. म्हणून परमेश्वर आपल्या प्रजेवर किती दीर्घ व धिमें प्रेम करतो हें सांगण्यासाठीं संदेष्ट्यांना याहून चांगला दाखला सांपडला नाहीं. ऐंशीव्या स्तोत्रांत इस्राएल हा मिसर देशांतून उपटून आणून लावलेला वेल आहे. त्याची छाया डोंगरांवर पसरते, पण पुढें कुंपण मोडतें आणि रानडुक्कर येऊन त्याची नासधूस करतो. हा रानडुक्कर वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो आपणांस पुढें पुन्हां भेटणार आहे.

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांतील यशया संदेष्ट्यानें याच दाखल्याला धार लावली. त्याच्या ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांत धनी मळ्यासाठीं सर्व कांहीं करतो, आणि मळा त्याला आंबट, निकस द्राक्षें देतो. येथें आंबट फळ म्हणजे काय? उपासनेंत राहिलेली उणीव नव्हे. संदेष्टा स्वतःच अर्थ सांगतो कीं, देवानें न्यायाची अपेक्षा केली, आणि त्याला दिसला रक्तपात. धर्माची अपेक्षा केली, आणि त्याला ऐकूं आला पीडितांचा आक्रोश. होशेय व यिर्मया यांनींहि हीच तक्रार केली. यहेज्केलानें तर आणखी कठोर प्रश्न विचारला: द्राक्षवेलाच्या लांकडाचा उपयोग तरी काय? त्याचा खांब होत नाहीं, तुळई होत नाहीं, भांडें टांगावयाला साधी खुंटीहि होत नाहीं. वेलाची सगळी किंमत त्याच्या फळांत. फळ नसेल तर तो इतर कोणत्याहि झाडाहून निरुपयोगी. जुन्या करारांत द्राक्षवेलाची बहुतेक प्रत्येक आठवण अशी निराशेंत संपते, ही गोष्ट आपल्या लक्षांत सहसा येत नाहीं.

तरीहि यहूदी लोकांनीं ती खूण टाकली नाहीं. हेरोदानें नव्यानें उभारलेल्या यरुशलेमच्या मंदिराच्या दारावर सोन्याचा द्राक्षवेल होता. योसेफस हा इतिहासकार सांगतो कीं, त्याचे घड माणसाएवढे उंच होते. आणि यहूदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथांत नोंद आहे कीं, भाविक लोक सोन्याचें पान, मणी किंवा घड अर्पण म्हणून आणून त्यावर टांगीत असत. इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें तें मंदिर जाळलें व तो सुवर्णवेलहि गेला. परंतु त्यापूर्वीं सुमारें चाळीस वर्षें, वल्हांडणाच्या सणांत, त्याच नगरांतील एका माडीवर प्रभु येशूनें आपल्या शिष्यांना सांगितलें होतें कीं, खरा द्राक्षवेल तो स्वतः आहे, पिता हा माळी आहे, आणि शिष्य हे फाटे आहेत.

यांतील ‘खरा’ या शब्दाचें वजन आतां कळेल. ज्या वेलानें पिढ्यानपिढ्या आंबट फळ दिलें, त्याच्या जागीं प्रभूनें दुसरा मळा लावला नाहीं. तो स्वतःच वेल झाला. प्रजेकडून जें झालें नाहीं, तें तिच्यांतलाच एक होऊन त्यानें केलें. संत आगस्तीन यांनीं योहानकृत शुभवर्तमानावरील आपल्या प्रवचनांत याचें मर्म सांगितलें आहे. वेल आणि त्याचे फाटे यांची जात एकच असावी लागते. देव म्हणून ख्रिस्ताची जात आपल्याहून निराळी; म्हणून आपण त्याचे फाटे व्हावें यासाठीं तो मनुष्य झाला. नाताळचा गोठा आणि शेवटचें भोजन यांना जोडणारा धागा या एका विचारांत सांपडतो. शिवाय त्या पंधराव्या अध्यायाच्या चौथ्या ते दहाव्या वचनांत ‘राहणें’ हें एकच क्रियापद मूळ ग्रीक भाषेंत दहा वेळां आलें आहे. ‘फळ द्या’ अशी आज्ञा प्रभूनें तेथें केली नाहीं; ‘माझ्यामध्यें राहा’ अशी केली. फळ हें राहण्याचें फळ आहे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं ही शिकवण आपल्या प्रार्थनेंत आणि भिंतींवर उतरविली. ‘दिदाखे’ नांवाची एक अतिशय प्राचीन ग्रीक पुस्तिका आहे. तिची हस्तलिखित प्रत १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली व १८८३ सालीं ती छापली गेली. तींतील पवित्र भोजनाच्या प्रार्थनेंत प्याल्यावर देवाचे आभार मानतांना, दाविदाच्या पवित्र द्राक्षवेलाची ओळख येशूनें करून दिली याबद्दल धन्यवाद दिले आहेत. तिसऱ्या शतकांत आफ्रिकेंतील कार्थेजचे बिशप संत सिप्रियान यांच्या कानीं आलें कीं, कित्येक ठिकाणीं मिस्सेंत द्राक्षरस न वापरतां नुसतें पाणीच वापरतात. त्यांनीं एका पत्रांत याचा निषेध केला व सांगितलें कीं, प्याल्यांतील द्राक्षरस म्हणजे ख्रिस्ताचें रक्त व पाणी म्हणजे त्याची प्रजा. दोन्ही मिसळल्यावर तीं वेगळीं करतां येत नाहींत. आजहि आपल्या वेदीवर धर्मगुरु द्राक्षरसांत पाण्याचा थेंब घालतो. तो थेंब म्हणजे आपण आहोंत. आणि तो द्राक्षरस द्राक्षवेलाच्या फळाचा, निर्भेळ व न नासलेलाच असावा, असा ख्रिस्तसभेचा नियम आजहि आहे. मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें: गांवांत द्राक्षें पिकोत अगर न पिकोत, ज्या वेदीवर मिस्सा होते त्या वेदीवर द्राक्षवेलाचें फळ रोज येतें.

रोम शहरांत संत कोस्तान्झा यांचें एक वर्तुळाकार देऊळ आहे. चौथ्या शतकांत कॉन्स्टंटाइन बादशहाच्या कन्येच्या समाधीसाठीं तें उभारलें गेलें. त्याच्या छतावर बारीक रंगीत खड्यांची नक्षी असून तींत द्राक्षें तोडणारीं, गाड्यांतून वाहून नेणारीं व कुंडांत तुडविणारीं माणसें दाखविलीं आहेत. ही चित्रें जुन्या रोमी देवतेच्या उत्सवांतल्यासारखीं असल्यामुळें पुढील काळीं लोक त्या वास्तूला बाखुस देवाचें मंदिर समजूं लागले होते. ख्रिस्ती लोकांनीं आपल्या भोवतालची परिचित नक्षीच घेतली आणि तिला नवा अर्थ दिला. त्याच शहरांत संत क्लेमेंत यांच्या देवळांत बाराव्या शतकाच्या आरंभींची याहून अर्थपूर्ण नक्षी आहे. मध्यभागीं क्रूसावर प्रभु आहे. क्रूसाच्या तळाशीं एक रोप आहे व त्याच्या वेलांट्या सबंध घुमटीभर पसरल्या आहेत. त्या वेलांट्यांच्या कुशींत धर्मपंडित आहेत, तसेच गुरें राखणारे गुराखी आहेत आणि कोंबड्यांना दाणे टाकणारी एक बाई आहे. खालच्या लेखांत ख्रिस्तसभेला त्या वेलाची उपमा दिली असून, क्रूसच तिला हिरवीगार ठेवतो, असा त्याचा आशय आहे. मला त्यांतील कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई फार आवडते. ती कोणी संत नाहीं. ती आपल्या अंगणांत आहे, आणि तरीहि वेलांत आहे.

येथवर सर्व मंगल आहे. पण इतिहास लिहावयाचा तर सोईचा तेवढा लिहूं नये. त्याच पंधराव्या अध्यायांत असेंहि सांगितलें आहे कीं, जो फाटा वेलांत राहत नाहीं तो वाळतो, आणि वाळलेले फाटे गोळा करून जाळतात. हा एक इशारा होता. परंतु मध्ययुगांतील कांहीं धर्मकायदेपंडितांनीं त्याचा आधार घेऊन पाखंडी ठरविलेल्या माणसांना जिवंत जाळण्याचें समर्थन केलें. इ. स. १५२० मध्यें दहावे लिओ पोप यांनीं मार्टिन लूथरच्या विरुद्ध आज्ञापत्र काढलें, त्याचा आरंभ स्तोत्रांतल्या त्याच दाखल्यानें होतो: देवाच्या मळ्यांत रानडुक्कर शिरला आहे. त्या पत्रांत लूथरचीं जीं मतें दूषित ठरविलीं, त्यांत पाखंडी लोकांना जाळणें हें पवित्र आत्म्याच्या इच्छेविरुद्ध आहे, हेंहि एक मत होतें. आपल्या शेजारीं गोमंतकांत १५६० सालीं स्थापन झालेलें धर्मसमीक्षणाचें न्यायालय मधल्या अल्प खंडानंतर पुन्हां सुरू होऊन १८१२ सालीं कायमचें बंद झालें. त्याच्या भयानें कित्येक कुटुंबांनीं घरदार सोडलें. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १२ मार्च २००० रोजीं रोममधील संत पेत्राच्या देवळांत, सत्याची सेवा करण्याच्या नांवाखालीं ख्रिस्तसभेच्या लेंकरांनीं केलेल्या अशा पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. आपणहि ती प्रार्थना आपली म्हणावी, हें योग्य होय.

या चुकीचें मूळ कोठें होतें? दाखला नीट वाचला तर तें दिसतें. वेल ख्रिस्त, माळी पिता, आपण फाटे. कात्री माळ्याच्या हातीं आहे. फाट्याच्या हातीं कात्री दिल्याचें त्या अध्यायांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

परंतु पूर्वजांचे दोष दाखवितांना स्वतःचा लपविणें बरें नव्हे. मी तरुण धर्मगुरु असतांना नाशिक जिल्ह्यांतील एका धर्मग्रामांत होतों. तेथें आमच्या देवळाच्या एका भाविकाची स्वतःची द्राक्षबाग होती. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा तापानें दोन दिवसांत गेला. सेमिनरींतून शिकून आलेला मी. सांत्वनासाठीं माझ्यापाशीं तयार उपमा होती. दफनाच्या वेळीं मी म्हणालों, "पिता हा माळी आहे, तो छाटतो तें अधिक फळ यावें म्हणून." तो गृहस्थ कांहीं बोलला नाहीं. पुढें सहा महिने तो देवळांतहि दिसला नाहीं. ऑक्टोबरांत मीच त्याच्या बागेंत गेलों. छाटणी चालू होती. त्यानें मला मांडवाखालीं नेलें व काम न थांबवतां बोलूं लागला.

तो म्हणाला, "फादर, आमच्याकडं वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा सगळ्या काड्या आखूड करायच्या. मग नवी काडी येते, उन्हाळ्यात तिच्या डोळ्यात घड तयार होतो, पण बाहेरून दिसत नाही. आता ही गोडीची छाटणी. काडीवर कुठल्या डोळ्यात घड हाय ते बघायचं, आणि तेवढे डोळे राखून पुढं कापायचं. एक डोळा चुकला तर घड गेला." मग त्यानें कापलेल्या टोकांतून टपकणारें पाणी मला दाखविलें. थोड्या वेळानें तो म्हणाला, "आणि मागच्या साली गारपीट झाली. अर्ध्या तासात बाग झोपली. काड्या तेव्हाही तुटल्या. पण गारपिटीला कुणी छाटणी म्हणत नाही, फादर. माझा पोरगा गारपिटीत गेला. तुम्ही तिला छाटणी म्हणालात."

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं त्याची क्षमा मागितली. त्यानें माझ्या हातीं कात्री दिली आणि कोठें कापावयाचें तें दाखविलें. पण एक काडी कापल्यावर ती परत घेतली व हंसला. पुढच्या रविवारीं तो मिस्सेला आला.

त्या रात्रीं मीं पंधरावा अध्याय पुन्हां उघडला, व इतकीं वर्षें जें नजरेखालून गेलें होतें तें प्रथमच दिसलें. मूळ ग्रीक भाषेंत ‘छाटणें’ या अर्थीं जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘स्वच्छ करणें’ असा आहे. आणि लगेच पुढच्या वचनांत प्रभु शिष्यांना सांगतो कीं, त्यानें त्यांना जें वचन सांगितलें त्याच्या योगें ते आधींच शुद्ध झाले आहेत. म्हणजे पित्याची कात्री कोणती? प्रभूचें वचन. तें आपला गर्व कापतें, लोभ कापतें, मनांत जपलेलें वैर कापतें. आणि तें कापतांना खरोखर दुखतें, पाणी टपकतें. पण लेंकराचा मृत्यु, अवर्षण, रोग, यांना त्या अध्यायांत प्रभूनें छाटणी म्हटलेलें नाहीं. गारपिटीनंतर चांगला माळी काय करतो? तो मोडलेला वेल मांडवाला पुन्हां बांधतो आणि जखमेवर औषध लावतो. तुटलेल्या फाट्यांच्या बाबतींत आपला पिता याहून कमी दयाळु असेल काय? दुःखाच्या घरीं जातांना आपल्या तोंडीं ‘देवाची इच्छा’ हे शब्द चटकन् येतात. ते उच्चारण्यापूर्वीं आपण प्रत्येकानें क्षणभर थांबावें, एवढी माझी नम्र विनंती आहे.

राहणें म्हणजे काय याचें उदाहरण आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या इतिहासांतहि आहे. १६१६ सालीं गोमंतकांतील रायतूर येथें फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालें, आणि काना गांवच्या लग्नांत पाण्याचा द्राक्षरस कसा झाला तें आपल्या पूर्वजांनीं आपल्याच भाषेंतील ओव्यांत ऐकलें. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनीं ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें क्रूसावर प्राण दिला. १८६२ सालीं नववे पायस पोप यांनीं त्यांना संतपद दिलें. पुढें १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली व पोर्तुगीज सत्ता गेली. परदेशी संन्यासी मंडळी निघून गेली, मोठमोठ्या मठांच्या भिंती उघड्या पडल्या. ज्यांना वेल म्हणजे राज्यसत्तेचा मांडव वाटत होता, त्यांना आतां सर्व संपलें असें वाटलें असेल. पण देशी धर्मगुरु राहिले, घराघरांतील संध्याकाळची रोजारी राहिली, आणि श्रद्धा वाळली नाहीं. मांडव मोडला तरी मूळ जिवंत होतें. त्रेंत येथील महासभेनें १५४७ सालीं शिकविलें होतें तें हेंच कीं, वेल जसा फाट्यांना तसा ख्रिस्त आपल्या लोकांना अखंड बळ पुरवीत असतो. आणि १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ख्रिस्तसभेचें वर्णन करतांना हाच वेल पुन्हां आपल्यापुढें ठेवला.

आतां आपल्या घरचा प्रश्न. महोत्सवाच्या दिवशीं देऊळ भरून जाईल, बँड वाजेल, जेवणाच्या पंगती उठतील. पण आपल्याच धर्मग्रामांतील कांहीं घरें त्या दिवशीं दार लावून बसतील, हें तुम्हांला आणि मला दोघांनाहि ठाऊक आहे. कोणाशीं जमिनीच्या तंट्यावरून बोलणें बंद आहे. कोणाच्या मुलीनें परजातींत लग्न केलें म्हणून तिचें नांव निघत नाहीं. कोणाला एका पाद्र्याच्या कठोर शब्दानें दुखविलें, आणि तो पाद्री कदाचित् मीच असेन. आपल्या भाषेंत ‘वाळीत टाकणें’ असा शब्दप्रयोग आहे. तो ऐकला कीं मला वाळलेला फाटा दिसतो. हे फाटे पित्यानें कापले नाहींत. आपण कापले.

म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचें उरलेलें अर्धें उत्तर असें: देवळांत द्राक्षें आहेत तीं आपणांस आठवण देण्यासाठीं कीं, आपल्यापैकीं कोणीहि माळी नाहीं. यशयाच्या मळ्याच्या धन्यानें न्यायाची अपेक्षा केली होती. तोच धनी आपल्या महोत्सवालाहि येणार आहे, व तो फुलांच्या माळा मोजणार नाहीं. महोत्सवाच्या आधीं निदान एका बंद दाराशीं आपण प्रत्येकानें जावें. मीहि जाणार आहें. कोठें जावयाचें तें मला ठाऊक आहे.

खरा द्राक्षवेल प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांना आपल्यामध्यें राखो, आपल्या वचनानें स्वच्छ करो, आणि गारपिटीनें मोडलेल्यांना आपल्या हातांनीं पुन्हां मांडवाला बांधो. पवित्र कुमारी मरिया, जिनें कानाच्या लग्नांत उणीव सर्वांच्या आधीं ओळखली, ती आपल्या धर्मग्रामासाठीं विनंती करो. आमेन.

आपला सेवक,
आपला धर्मगुरु